नाही म्हणायला गेले होते!

मैत्रिणींनो, वाळवणांवरच्या लेखाला तुमची पुष्कळ पत्रं आली. त्यांत एका भगिनीने साबुदाण्याच्या पापड्या का तडकतात, असं विचारलंय आणि पत्राच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिलंय, "ताई, आमच्या भजनी मंडळाचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडू बघतंय. घरात सासरे आजारी, मुलगी दहावीला. नाही म्हणावं तर वाईट दिसतं, हो म्हणावं तर जीव जातो. काय करू?"

पापड्यांचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतेच. पण दुसऱ्या प्रश्नापाशी मी अडखळले. कारण दीड वर्षापूर्वी हाच प्रश्न घेऊन मी स्वतः रात्र रात्र कूस बदलत होते. तेव्हा आज उपदेश नको, माझीच हकिगत सांगते.

आम्ही नाशिकचे ख्रिस्ती. शरणपूर रस्त्याच्या आसपास आमच्या घराची ही तिसरी पिढी. ज्या देवळात आम्ही रविवारी उपासनेला जातो, तिथल्या सगळ्या कुटुंबांना मिळून आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणतात. आमच्या मंडळीत एकशे दहा घरं आहेत. पाळकसाहेब एकटे. उपासना, लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी यांतच त्यांचा आठवडा जातो. बाकीचं बरंचसं काम बायकांच्या मंडळावर येतं. आजाऱ्यांच्या भेटी, बाळंतिणीची विचारपूस, कुणाच्या घरी माणूस गेलं तर दोन दिवसांचं जेवण, आभारप्रदर्शनाच्या सणाला भोपळे, बाजरीची कणसं, कोंबड्या गोळा करून त्यांचा लिलाव, नाताळचा फराळ, गरजू मुलांच्या वह्या, आणि वर्षाअखेर या सगळ्याचा हिशेब. अध्यक्षाबाईंना पगार नाही, रिक्षाभाडंसुद्धा नाही. तुमच्याकडे भजनी मंडळ असेल, सोसायटीतलं महिला मंडळ असेल. नाव निराळं, पायाला लागणारी भिंगरी तीच.

आधीच्या बाईंनी हे काम चौदा वर्षं केलं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, शब्दाला मान. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दोन आठवड्यांनी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "आम्ही प्रार्थनापूर्वक विचार केला. तुमचंच नाव पुढे आलं."

आता बघा हं, नुसता आग्रह असता तर नाही म्हणता आलं असतं. पण ‘प्रार्थनापूर्वक’ म्हटल्यावर बाईमाणसाने काय बोलायचं? आमच्याकडे अशा बोलावण्याला ‘पाचारण’ असा भारदस्त शब्द आहे. तो ऐकला की आपण कांदे चिरायला जन्माला आलो नसून काही मोठं करायला आलो आहोत, असं क्षणभर वाटतं, आणि मग घरी जाऊन कांदेच चिरायचे असतात! मी म्हटलं, "विचार करून सांगते." बायकांच्या भाषेत याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे पाळकसाहेबांना ठाऊक नसावं.

माझी कारणं खरी होती. सकाळी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. मोठा तेव्हा नववीत, धाकटी चौथीत. सासूबाईंचे गुडघे गेलेले, जिना उतरायचा तर कुणाचा तरी हात लागतो. आणि मनातलं चौथं कारण म्हणजे लायकी. मी साधी बी. ए. झालेली बाई. रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगते तेवढंच. शंभर बायकांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते.

रात्री ताटावर बसल्यावर विषय काढला. हे तसे मदतीला मागे नसतात. पण त्या दिवशी भात कालवता कालवता म्हणाले, "तू घे नाहीतर नको घेऊ. मला एवढंच आठवतं, की नाताळच्या आदल्या दिवशी आमची आई शंभर घरांच्या करंज्या तळायची आणि आम्ही भावंडं शेजारी जेवायचो."

सासूबाईंनी त्यांच्या तरुणपणी हेच काम केलं होतं. त्या तिथेच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या उचलून हळूहळू आत गेल्या.

झालं! माझं ठरलं. चार ओळी कागदावर लिहून काढल्या, अगदी नम्र शब्दांत, आणि शनिवारी दुपारी तो कागद पर्समध्ये घालून पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते घरी नव्हते. आमच्या मंडळीतल्या एक आजी सातपूरला एकट्या राहतात, मुलगा परदेशात. त्यांना न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडल्यामुळे दवाखान्यात नेलं होतं. मी तशीच तिकडे गेले.

तिथे कळलं ते असं. आजींना दोन आठवडे ताप होता. अंगात त्राण नाही, खाणं नाही, त्यातच शुक्रवारी रात्री तोल गेला. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर येईना म्हणून शेजाऱ्यांनी दार उघडवलं. रात्रभर त्या गार फरशीवर पडून होत्या.

मैत्रिणींनो, आजी देवळात आमच्या पुढच्याच बाकावर बसायच्या. दोन रविवार ती जागा रिकामी होती. मी ती पाहिली होती. ‘कुणीतरी चौकशी केली असेल,’ असं मनाशी म्हणून मी पुढचं गीत उघडलं होतं. पूर्वी ती चौकशी आधीच्या बाई करीत. कोण एकटं राहतं, कुणाच्या गोळ्या चालू आहेत, कुणाची सून माहेरी गेलीय, हे सारं त्यांच्या डोक्यात असे. कागदावर एक अक्षर नव्हतं. त्या अंथरुणाला खिळल्या आणि ती माहितीही त्यांच्याबरोबर अंथरुणाला खिळली.

आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आलीस होय? मला वाटलं, मी यायची थांबले ते कुणाला कळलंच नाही."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. म्हणून तर ते वाक्य मला जास्त लागलं. पर्समधला कागद पर्समध्येच राहिला.

पण तेवढ्यावर मी हो म्हटलं असं समजू नका. अपराधी वाटतं म्हणून घेतलेलं काम चार महिने टिकतं आणि मग आपण चिडचिड करीत हिंडतो. ह्यांचं ते जेवणाच्या ताटावरचं वाक्यही खोटं नव्हतं. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते मला सासूबाईंनी दाखवलं.

रात्री त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "मोशेची गोष्ट मुलांना शिकवतेस ना? त्याच्या सासऱ्याने त्याला काय सांगितलं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या अठराव्या अध्यायात ही कथा येते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून सगळ्या लोकांचे तंटे सोडवायचा. सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने ते पाहिलं आणि जावयाला स्पष्ट सांगितलं, की हे बरं नाही. अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर विश्वासू माणसं नेम, बारीकसारीक त्यांनी बघावं, अवघड तेवढं तुझ्याकडे यावं. आणि मोशेने ते ऐकलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझ्यासारखं नीट कुणाला जमत नाही, असं वाटायचं. करंज्यांना मुरडसुद्धा मीच घालायची. पोरं शेजारी जेवली ती त्यापायी. त्याला सांग, चुकलं माझं. आणि तू घे ते काम, पण माझ्यासारखं करू नकोस. मोशेला सासऱ्याने सांगितलं, तुला सासू सांगतेय."

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. ती अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला असते. तिथे मॉर्मन पंथाची वस्ती मोठी. त्यांची शिकवण आणि आमची यांत अंतर आहे, तो वाद इथे नको. पण व्यवस्था ऐकण्यासारखी वाटली. त्यांच्या गावोगावच्या मंडळ्यांत पगारी पाळक नसतोच. बिशप असतो तोही आपली नोकरी सांभाळून, साधारण पाचेक वर्षं, विनावेतन हे काम करतो. बायकांची ‘रिलीफ सोसायटी’ १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉय राज्यातल्या नाव्हू गावी सुरू झाली, एमा स्मिथ तिच्या पहिल्या अध्यक्षा. नणंदेच्या शेजारणीला तिथल्या शाखेचं अध्यक्षपद सांगण्यात आलं, तेव्हा तिचं धाकटं मूल अंगावर पीत होतं. बाई मोटारीत बसून रडली म्हणे! म्हणजे पाहा, रडू सगळीकडे सारखंच.

पण त्यांच्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात. नाव भर सभेत सांगतात आणि सगळे उजवा हात वर करून पाठिंबा देतात. अध्यक्षेला दोन साहाय्यक मिळतात आणि घरांची विचारपूस बायकाबायकांत वाटून दिलेली असते. आणि काम करून झालं, की तसंच भर सभेत आभार मानून तिला मोकळं करतात. मोकळं होण्यात कमीपणा नसतो. आपल्याकडे मात्र अध्यक्षाबाई बदलतात त्या एक तर भांडणाने, नाहीतर आजारपणाने.

लायकीचा प्रश्न उरला होता. त्याला उत्तर नाशिकनेच दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपण साऱ्याजणींनी वाचलेलं असतं. त्यांचं अखेरचं वास्तव्य इथलंच. १९३६ साली त्या नाशिकला वारल्या. या बाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीलाच थांबलं होतं. ते पुढे नेण्याचं काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं आणि त्यातले बहुतेक अध्याय लिहिले. त्या लायक होईपर्यंत थांबल्या असत्या, तर ते पुस्तक अपुरंच राहिलं असतं. मी म्हटलं, आपल्याला काही महाकाव्य लिहायचं नाहीये, शंभर घरांची यादी करायचीय!

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि हो म्हटलं, पण अटी घालून. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने त्या वहीत उतरवून घ्याव्यात.

पहिली अट मुदतीची. दोन वर्षं. तारीख घालून सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली. मुदत संपल्यावर मला कुणी आग्रह करायचा नाही आणि मीही खुर्चीला चिकटायचं नाही.

दुसरी, घरांची वाटणी. अकरा-अकरा घरांचे दहा गट आणि प्रत्येक गटाला दोघीजणी. दोघी अशासाठी, की एकीकडे पाहुणे आले तर दुसरी मोकळी असावी. त्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं. कुणी लागोपाठ दोन रविवार दिसलं नाही, तर त्याच संध्याकाळी दार वाजवायचं. फोनवरच्या ग्रुपमध्ये ‘काळजी घ्या’ असं लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलं, की भेट झाली असं धरायचं नाही!

तिसरी, वही. एकटी राहणारी माणसं, जवळच्या नातेवाइकाचा फोन, शेजारी कोण, दवाखाना कोणता, सगळं कागदावर. उद्या मी आजारी पडले तरी ती वही कुणालाही वाचता आली पाहिजे. मात्र घराघरातलं खाजगी त्यात लिहायचं नाही आणि वही कुलपात राहील.

चौथी, पैसा. पावतीशिवाय रुपया घ्यायचा नाही, दोन सह्यांशिवाय द्यायचा नाही, आणि दर महिन्याचा जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावायचा. बायकांच्या मंडळात भांडणं कामावरून कमी आणि हिशेबावरून जास्त होतात. प्रामाणिक बाईलासुद्धा यातूनच डाग लागतो.

पाचवी अट घरासाठी. बुधवारची संध्याकाळ आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारनंतरचा वेळ माझ्या घरचा. ही अट सांगताना मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, पण ती कुणासाठी होती ते त्यांना कळलं.

पहिली सभा मात्र माझी परीक्षाच होती. गटांची नावं वाचली आणि विचारलं, "कोण घेईल?" सगळ्या बायका एकदम आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. घशाला कोरड पडली. मग काय, आठवीच्या वर्गात उभी आहे असं समजून गोष्ट सांगायला लागले, आमच्या शरणपूरचीच.

इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं गेल्याच्या गेल्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. तो पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शोधमोहिमेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आतल्या मुलखात वारले. बरोबरच्या लोकांनी त्यांचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, आणि देह बांधून त्यांनी समुद्रकिनाऱ्याची वाट धरली. हजार मैलांहून जास्त अंतर, महिनोन् महिने, आजारपणं, वाटेतले विरोध. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा खांदा देणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला जेकब होता. मी म्हटलं, "बायांनो, ते ओझं एका माणसाने उचललेलं नाही. खांदा बदलत बदलत नेलंय. मी तर तुमच्याकडे अकरा घरंच मागतेय, तीही याच गावातली, रिक्षा मिळते तिथली."

कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरच्या एका अबोल बाईंनी हात वर केला. त्या शिवणकाम करतात, सभेत कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "सातपूरची घरं मला द्या. आजींची बाजू मी बघते." मग एकेक हात वर होत गेले. दहापैकी सात गट त्या दिवशी भरले, उरलेल्या तीनांसाठी मला दोन महिने विनवण्या कराव्या लागल्या. कुठलं मंडळ याला अपवाद असतं?

सगळं सुरळीत झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पहिल्या डिसेंबरात एका घरी दुःखद प्रसंग घडला आणि त्या धावपळीत मी धाकटीच्या स्नेहसंमेलनाला पोचले नाही. ती घरी आली, नाचाचे कपडे न बदलताच झोपली. त्या रात्री मला ह्यांचं जुनं वाक्य पुन्हा ऐकू आलं. तो प्रसंग आमच्या गटातल्या दोघींनी माझ्याशिवाय नीट सांभाळला असता, पण मलाच राहवलं नाही. ‘माझ्यासारखं कुणाला जमत नाही’ हा सासूबाईंचा आजार मलाही झाला होता! दुसऱ्या दिवशी मी लेकीची माफी मागितली. मुलांची माफी मागताना आपण उगाच लाजतो. आणि तेव्हापासून शाळेच्या तारखा मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिते.

गेल्या नाताळात करंज्या दहा घरांत तळल्या गेल्या. कुठे मुरड जाड, कुठे सारण कमी. सासूबाईंनी एक करंजी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चालेल." त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे प्रमाणपत्रच! जिना त्यांना उतरवत नाही, पण फोनचं खातं त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी दहा वाजता चष्मा लावून त्या एकट्या राहणाऱ्या सात माणसांना फोन लावतात. सातपूरच्या आजी आता वॉकर घेऊन चालतात, जमेल त्या रविवारी शिवणकामवाल्या बाई त्यांना रिक्षाने देवळात आणतात. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला मी घरी होते. ह्यांनी काही म्हटलं नाही, फक्त चहा टाकला आणि आईसाठीही एक कप भरला.

माझी मुदत संपायला सहा महिने उरलेत. त्या अबोल बाईंचं नाव पुढे सुचवायचं मनात आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर त्याही चार ओळींचा कागद लिहून येतील.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सासरे आजारी आणि मुलगी दहावीला, तर यंदा अध्यक्षपद घेऊ नका. "मार्च संपल्यावर विचारा, तोवर एका गल्लीची विचारपूस मी करते," असं मोकळेपणी सांगा. त्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. आणि घ्यायचंच झालं, तर मुदत, वाटणी, वही, हिशेब आणि घरची वेळ या पाच गोष्टी आधी ठरवून घ्या, मगच माळ गळ्यात घाला.

आता पापड्या. साबुदाणा रात्रभर भिजवा आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा, मध्ये पांढरा कण राहिला तर त्या हमखास तडकतात. फार पातळ घालू नका, आणि वरची बाजू सुकली की लगेच उलटा. आणि हो, पाच किलोचा घाट घातला असेल तर एकट्या गच्चीवर चढू नका. शेजारणीला हाक मारा.